हौद्याचं अस्तर

मंडळी, गेले दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही. "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" अशी दोघातिघांनी चौकशीही केली. बंद केलेला नाही. मी अमेरिकेत आहे, न्यू जर्सीत, मुलाकडे. यंदा, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये आले, आणि आल्या आल्या असं काही घडलं की ते इथे लिहावं की लिहू नये हेच ठरेना. आता मुलाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. फक्त मला फार थोर करू नकोस."

तर सांगायची गोष्ट अशी. येऊन तिसराच दिवस होता. माझं रात्र-दिवसाचं गणित अजून बसलं नव्हतं. संध्याकाळी सातला डोळे मिटत आणि रात्री दोनला टक्क जाग येई. त्या संध्याकाळी मी खोलीत पडले होते, दार अर्धवट उघडं. स्वयंपाकघरात मुलगा आणि सूनबाई हलक्या आवाजात बोलत होते.

"बेड लायनर नवा घ्यायलाच हवा. जुना काढून टाकू. खाली ओल राहत असणार, वास येतोय."

"मग या वेळी चांगला वॉटरप्रूफ घे. आणि धुता येईल असा."

"किती जाड घ्यावा?"

"ते तू बघ. पण आईंना एवढ्यात काही बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

मी अंथरुणात उठून बसले. वय चौऱ्याहत्तर असलं तरी तसली वेळ अजून आलेली नाही हो! हळूच चादर उचलून पाहिली, गादी हाताने चाचपली. कोरडी ठणठणीत. बाळंतिणीच्या खोलीत मुलाखाली घालतात ते तांबडं रबरी कापड डोळ्यांसमोर आलं. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेल्या बाईच्या गादीवर आता हे येणार! रात्रभर झोप नाही. सकाळी मुलगा चहा घेऊन आला तेव्हा मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "माझ्या गादीवर काय घालायचं ते मला विचारून घालत जा."

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो इतका हसला की कप खाली ठेवावा लागला. मग हसता हसता एकदम थांबला आणि माझ्या पायाशी बसला. "आई, तो बेड नव्हे. पिकअप ट्रकचा बेड. मी ट्रक घेतलाय."

"कशाला?"

"भाजी न्यायला."

मग सगळं बाहेर आलं. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने माणसं कमी केली त्यात याची नोकरी गेली. वीस वर्षांहून जास्त वर्षं संगणकावर काम केलेला माणूस. वर्षभर इकडेतिकडे अर्ज केले, तुकड्यातुकड्याने कामं केली. आणि या वसंतात पाच एकर जमीन खंडाने घेतली. भेंडी, वांगी, कारली, मेथी लावायची, इथल्या आपल्या दुकानांना आणि शनिवारच्या बाजारात विकायची. सूनबाईंची नोकरी आहे म्हणून घर चालतं, आणि मुख्य म्हणजे आजारपणाचा विमा तिच्या नोकरीतून येतो. मला फोनवर वर्षभर "ऑफिस ठीक चाललंय" सांगत होता. ट्रक घराशी न लावता शेतावर ठेवायचा, तो माझ्यासाठी. तीन दिवस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होता, तोही माझ्यासाठीच.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं मला सुचलं ते एवढंच, "दाखव तो ट्रक."

शेत घरापासून अर्ध्या तासावर आहे. सपाट, काळसर तपकिरी जमीन, कडेला ओक आणि मेपलची झाडं नुकती फुटत होती. ट्रक फोर्डचा, जुना, २०१० चा. समोर माणसांची केबिन आणि मागे आठ फूट लांबीचा उघडा भाग. त्याला हे लोक बेड म्हणतात! आपल्याकडे हौदा म्हणतात, आणि मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो. हत्तीच्या पाठीवर हौदा असतो. टाटाने २००५ साली ती लहान मालगाडी काढली तिला लोकांनी 'छोटा हत्ती' नाव दिलं, म्हणजे हौदा बरोबर आपल्या जागी गेला. (मराठीच्या बाईला हे सुचणारच. असो.) मागचा खाली पडणारा दरवाजा तो फाळका. आपल्या गाड्यांना असतो तसाच.

त्या हौद्यात काळ्या जाड प्लॅस्टिकचं एक टोपलं बसवलेलं होतं. हौद्याच्या मापाने साच्यात काढलेलं, तळ आणि तिन्ही बाजू मिळून एकच. हेच ते लायनर. दगड, फावडी, लोखंड टाकलं तर पत्र्याचा रंग उडू नये, पोचे पडू नयेत म्हणून. मुलगा म्हणाला, "ट्रक घेताना हा लायनर इतका छान होता की मी म्हटलं खालचा हौदा नवाच असेल." चार जागी स्क्रू होते, ते काढले आणि आम्ही तिघांनी (नातूही आला होता) ते टोपलं ओढून बाहेर काढलं.

खालचं दृश्य मी विसरणार नाही. सडलेली पानं, चिखलाचा लगदा, बारीक वाळू, आणि त्याखाली गंज. नुसते ठिपके नव्हेत, तळहाताएवढे पापुद्रे. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी प्लॅस्टिकच्या कडेने आत शिरतं आणि उन्हात सुकत नाही, कारण वर झाकण. शिवाय गाडी चालली की प्लॅस्टिक थरथरतं, ती वाळू पत्र्यावर घासते, रंग जातो. आणि स्क्रूंसाठी पत्र्याला भोकं पाडलेली, गंजाची सुरुवात तिथूनच. म्हणजे पत्रा वाचवायला जे घातलं त्याच्याच आड पत्रा खाल्ला जात होता, आणि वरून सगळं चकाचक.

मुलगा गुडघ्यावर बसून नखाने पापुद्रे उचलून बघत होता. "फसलो," म्हणाला. मी म्हटलं, "आरपार गेलाय का कुठे?" बोटाने दाबून पाहिलं. नव्हता गेला.

मग आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. संगणकवाला माणूस, त्यामुळे त्याने तक्ता केला! एका बाजूला लायनरचे प्रकार, दुसऱ्या बाजूला किंमत, जाडी, घसरण, ओल. साच्यातलं प्लॅस्टिक पुन्हा घ्यायचं नाही हे ठरलं. त्याचा आणखी एक दोष म्हणजे ते गुळगुळीत, ब्रेक लावला की क्रेट सरसर पुढे येतात. गालिच्यासारखंही एक अस्तर मिळतं, त्यावर गुडघे टेकायला बरं, पण चिखलाच्या मुळ्यांना ते काय कामाचं. नातवाचं मत वेगळंच. तो म्हणे हा ट्रक विकून नवा घ्या, २०१५ पासून फोर्डचा हौदा ॲल्युमिनियमचा आहे, गंजतच नाही. आणि लगेच त्याने मला २०१६ ची शेवरोलेची जाहिरात दाखवली. तिच्यात दोन्ही कंपन्यांच्या ट्रकमध्ये वरून सिमेंटचे ठोकळे ओततात, तर लोखंडाच्या हौद्याला पोचे येतात आणि ॲल्युमिनियमच्या हौद्याला भोकं पडतात. "मग तुझंच म्हणणं खोडलंस की," मी म्हटलं. शिवाय नव्या ट्रकचे पैसे कोण देणार!

शेवटी फवाऱ्याने लेप देणाऱ्या दुकानात गेलो. मीही गेले, हट्टाने. तिथल्या माणसाने फार नीट समजावून सांगितलं, चांगला शिक्षक झाला असता. दोन रसायनं वेगवेगळ्या नळ्यांतून तापवून आणतात, ती बंदुकीच्या तोंडाशी एकत्र होतात आणि पत्र्यावर पडली की काही सेकंदांत घट्ट होतात. पत्र्याला असा चिकटतो लेप की मधे पाण्याला जागाच राहत नाही. खरखरीत असतो, सामान घसरत नाही. मात्र एकदा दिला की दिला, पुन्हा निघत नाही. म्हणून आधी पत्रा निर्मळ पाहिजे. त्याने आमचा हौदा पाहिला आणि मान हलवली. गंजावर मी लेप देणार नाही, म्हणाला. दिला तर सुंदर दिसेल, पण आत गंज वाढत राहील आणि दोन वर्षांत लेपासकट निघेल. आधी गंज काढायचे पैसे वेगळे, मग लेपाचे सहाशे डॉलर.

परत येताना मुलगा गप्प होता. नोकरीत असता तर हजार डॉलर्सचा त्याने विचारही केला नसता. आता बियाणं, ठिबकच्या नळ्या, खंडाची रक्कम, सगळं साठवणीतून. मधे पेट्रोल भरायला थांबलो. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरता येत नाही बरं का, १९४९ पासूनचा कायदा आहे, पंपावरचा माणूसच भरतो. इथला माणूस एक वयस्क सरदारजी. मागे हौद्यात मशागतीच्या यंत्रासाठी पेट्रोलचा लाल डबा होता आणि ते जुनं प्लॅस्टिकही, टाकून द्यायला म्हणून परत घातलेलं. मुलगा म्हणाला, यातही भरा. सरदारजी डब्याला हात लावेना. मला पाहून हिंदीत म्हणाला, "माताजी, बेटे को बोलो डब्बा नीचे ज़मीन पर रखे. प्लास्टिक पर नहीं भरूँगा." पेट्रोल वाहताना डब्यावर वीज साठते म्हणे. डबा जमिनीवर असला तर ती जमिनीत उतरते, प्लॅस्टिकवर असला तर अडकून राहते आणि नळी जवळ येताच ठिणगी पडू शकते. घरी येऊन नातवाने शोधलं. इथल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९८ सालीच तसा इशारा दिलेला आहे. ज्यांच्या गाडीत प्लॅस्टिकचं अस्तर आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. आपल्याकडे पिकअपमध्ये रबर, प्लॅस्टिक काहीही अंथरून कॅन भरतात, त्यांनीसुद्धा.

त्या रात्री पुन्हा दोनला जाग आली आणि मला दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी आठवली.

आमचं माहेर खटाव तालुक्यातलं. पावसाचा भरवसा नाही, ज्वारी-बाजरीची शेती. गाडी एकच आणि तिला कामं दहा. उन्हाळ्यात शेणखत ओढायचं, सुगीत कणसं, कधी पोती, कधी माणसं. खताच्या दिवसांत दादा साटीत बांबूच्या तट्ट्या अंथरायचे, बाजूंनाही उभ्या करायचे. आणि संध्याकाळी कितीही दमलेले असोत, तट्ट्या काढून, झटकून कुडाला उभ्या टेकवायच्या. आम्ही पोरांनी कंटाळा केला की ओरडा बसायचा. तट्ट्या तशाच राहिल्या तर खालची फळी कुजते, आणि फळी कुजलेली तट्ट्यामुळे दिसत नाही. एक दिवस बैलाचा पाय आत जातो तेव्हाच कळतं, असं म्हणायचे.

पुढचं सांगायचं की नाही याचा मी बराच विचार केला. सांगते. १९६८ साली मी कॉलेजला साताऱ्याला निघाले, गावातून कॉलेजला जाणारी मी पहिली मुलगी. एसटी फाट्यावर मिळायची, तिथवर याच गाडीतून. आदल्या दिवशी खत वाहिलेलं. दादांनी साटी चार घागरी पाण्याने धुतली, तट्ट्यांच्या ऐवजी घरातलं नवं घोंगडं अंथरलं, आणि आईला म्हणाले, पोरीच्या लुगड्याला मातीचा डाग लागता कामा नये. मी ते वाक्य फार मनावर घेतलं. बीए झाले, शिक्षिका झाले. मुलालाही मातीचा डाग लागू द्यायचा नाही म्हणून १९९७ साली त्याच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी सासरची अडीच एकर विकली. ह्यांचं मन नव्हतं. कर्ज काढू म्हणत होते. मीच म्हटलं, जमीन ठेवून करायचंय काय, आपला मुलगा काय नांगर धरणार आहे? २०१९ ला हे गेले. शेवटच्या आजारपणातही त्या विहिरीचा विषय काढत, आणि मी विषय बदलत असे.

आणि आता तोच मुलगा डॉलर मोजून दुसऱ्याच्या पाच एकरांत भेंडी लावणार. मला राग कशाचा आला होता हे मला त्या रात्री कळलं. त्याने लपवलं याचा फारसा नाही. पण आल्यावर दुसऱ्याच दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला होता, ती म्हणाली, कुठंय गं भाचा? मी "ऑफिसला गेलाय" म्हटलं तेव्हा मला खरं ठाऊक नव्हतं. त्यानंतर दोनदा तिने विचारलं आणि दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. तेव्हा सगळं ठाऊक होतं.

सकाळी मी मुलाला म्हटलं, "तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव. आधी सारवण, मग तट्ट्या." त्याला सारवण आठवत होतं, आजोळच्या कणगीचं. बांबूच्या कणगीला आतून शेणमातीने लिंपतात, भेगेतून दाणा जाऊ नये, कीड शिरू नये म्हणून. फवारा परवडत नसेल तर हाताने लिंपता येत नाही का? तर येतं! रोलरने लावायचा लेप डब्यात मिळतो, त्यात रबराचे दाणे असतात. फवाऱ्याच्या मानाने पातळ बसतो, इतका टिकत नाही, पण दीडशे डॉलरच्या आत काम होतं आणि उडाला तर तेवढ्या जागी पुन्हा लावता येतो. सारवणही काय, दर आठ-पंधरा दिवसांनी करायचंच असतं. आणि तट्ट्यांच्या जागी काय? ते सूनबाईंनी शोधलं. इथे घोड्यांच्या तबेल्यात घोड्याचे पाय दुखू नयेत म्हणून जाड रबरी पट्ट घालतात. सहा फूट बाय चार फूट, पाऊण इंच जाड. शेतीच्या दुकानात स्वस्त मिळतात आणि पुष्कळ शेतकरी तेच ट्रकमध्ये टाकतात. एकेक पट्ट पंचेचाळीस किलोचा, म्हणजे ज्वारीचं जवळजवळ अर्धं पोतं. दोघांनी धरून ओढायचा.

दोन शनिवार-रविवार गेले. पहिल्यात गंज. तारेचा ब्रश, मग घासकागद, मग गंज थांबवणारं औषध, मग उघड्या पत्र्यावर प्रायमर. स्क्रूची भोकं बुजवली. कोपऱ्यातल्या पाणी निघून जायच्या फटी मात्र बुजवायच्या नाहीत, हे मी दोनदा बजावलं. ज्या जागी रंग चांगला होता तोही नातवाने घासून खरखरीत केला. चांगला रंग कशाला खराब करायचा असं तो कुरकुरत होता. त्याला सांगितलं, पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, नाहीतर चटणी वाटली जात नाही. पाटा त्याने पाहिलेला नाही. पण घासलं.

दुसऱ्या शनिवारी लेप. वास डोक्यात जाईल असा, तोंडाला मास्क हवाच. मला त्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून बसवलं होतं. मुलगा कोपऱ्यांत ब्रशने आणि मधे रोलरने लावत होता, आणि फाळक्याकडे मागे मागे सरकत येत होता. सारवताना आपण दाराकडे सरकत येतो ना, तसा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. एक हात झाला, काही तासांनी दुसरा. कोपऱ्यात थोडे ओघळ आलेत. फवाऱ्याइतकं सुबक नाही.

तेवढ्यात धाकटीचा व्हिडिओ फोन आला. मी खुर्चीत, मागे ट्रक, ट्रकमध्ये काळ्या हातांचा भाचा. "हे काय चाललंय गं?" मी म्हटलं, "हौदा सारवतोय." फोन तसाच त्याच्याकडे फिरवला. तो हात हलवून "मावशी, भेंडी पाठवू का?" म्हणाला आणि ती हसली. पुढचे प्रश्न तिने रात्री मला एकटीला विचारले. उत्तरं वर लिहिली आहेतच. बाकीच्या नातेवाइकांनी कृपा करून एकेकाने फोन करून तेच तेच विचारू नये. नवी नोकरी शोधणार का, तर हिवाळ्यात शोधेल, इथे ऑक्टोबरनंतर शेतात काही उगवत नाही. पैसे सुटतात का, तर अजून नाही. काळजी वाटते का? वाटते.

जूनच्या पहिल्या शनिवारी मेथी, पालक आणि मुळ्याचे क्रेट भरून बाजारात नेले. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. बसायच्या आधी त्याने सीटवर स्वच्छ टॉवेल अंथरला. "काल माती सांडली होती, साडीला लागेल," म्हणाला. मी टॉवेल उचलून घडी करून मांडीवर घेतला आणि तशीच बसले.

मेथी साडेदहालाच संपली. मुळा उरला, त्याची कोशिंबीर आणि पराठे चार दिवस चालले आहेत. संध्याकाळी शेतावर परतलो तेव्हा तो फार दमला होता. रबरी पट्ट आज राहू दे का, असं त्याने माझ्याकडे बघून विचारलं. मी नुसती फाळक्याची कडी काढली. दोघांनी ओढून पट्ट खाली घेतले, झटकले आणि कुंपणाला उभे टेकवून ठेवले.

भेंडी जुलैत येईल. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत येते आहे.